आधी तास मोजा, मग कामं मांडा: घरून काम सुरू करणाऱ्यांसाठी

२०२२ साली पणजीतली नोकरी सोडली आणि फोंड्यात घरी बसून छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहायला लागले. रोजची बस सुटली, बाणस्तारीपर्यंत दांड्याला लोंबकळत उभं राहणं सुटलं, या आनंदात पहिले दोन महिने गेले. तिसऱ्या महिन्यात २० तारीख आली आणि गेली, आणि एका हार्डवेअरवाल्याचं जीएसटीचं ३बी, म्हणजे महिन्याच्या कराचं, विवरणपत्र भरायचंच राहिलं. मला कळलं तेव्हा २४ तारीख उजाडली होती. दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, वर व्याज. पैसे मी माझ्याच पर्समधून भरले. पण त्याच्या दुकानात जाऊन, गिऱ्हाइकांसमोर, "शेट, माझ्याकडून चूक झाली" म्हणणं जड गेलं.

खरा घोळ वेगळाच होता. ते चारही दिवस मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत टेबलाशीच होते. आळस केला नव्हता, गावाला गेले नव्हते. मग ते तास गेले कुठे?

त्याचं उत्तर शोधताना जे हाती लागलं ते इथे पायऱ्यापायऱ्यांनी मांडते. तुम्ही शिकवण्या घेत असाल, भाषांतरं करत असाल, शिवणकाम करत असाल, बंगळूरच्या कंपनीचं काम घरातल्या खोलीत बसून करत असाल, तरी क्रम हाच ठेवा. बहुतेक जण सुरुवात चौथ्या पायरीपासून करतात, म्हणजे कामांची यादी करतात, आणि तिथेच फसतात. मीही तशीच फसले.

लागणारं सामान

- दोनशे पानी रेघांची वही, एकच. सुंदर डायरी घेऊ नका. तिच्यात घाण अक्षर काढायला जीव होत नाही आणि ती कोरीच राहते.
- टेबलावर कायम राहील असं पेन, दोऱ्याने बांधलेलं असलं तर उत्तम. (आमच्याकडे मुलगा पेनं पळवतो.)
- स्वयंपाकघरातलं चावीचं टायमर, किंवा गजराचं साधं घड्याळ. फोनमधलं चालणार नाही, का ते पुढे येईल.
- भिंतीवरचं कालनिर्णय. मोठ्या चौकोनांचं, लिहायला जागा असलेलं.
- तुमच्या कामातल्या न हलणाऱ्या तारखांची यादी. माझ्याकडे ७ ला टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) भरणं, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र), २० ला ३बी. तिमाही विवरणपत्रवाल्यांचे १३ आणि २२. तुमच्याकडे परीक्षा असतील, लग्नाच्या ऑर्डरी असतील, बँकेचे हप्ते असतील.

ॲप कुठलंही उतरवू नका, निदान पहिले दोन महिने. मी तीन उतरवली होती. तिन्हींमध्ये रंग ठरवण्यात जेवढा वेळ घातला तेवढ्यात एका दुकानाची महिन्याची खरेदीची बिलं चढवून झाली असती.

१. सात दिवस काहीही सुधारू नका, फक्त लिहा

वहीचं पान उभं दुमडा. डावीकडे अर्ध्या अर्ध्या तासाच्या वेळा लिहा, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत. उजवीकडे त्या अर्ध्या तासात खरंच काय केलं ते दोन-तीन शब्दांत. "बिलं चढवली." "फोन, मावशी." "पोदेराकडून पाव, मग शेजारी गप्पा." "बँकेचं संकेतस्थळ उघडत नाही." इतकंच.

दोन गोष्टी पाळा. एक, नोंद त्या त्या वेळी करा. रात्री आठवून लिहिलीत तर तुम्ही स्वतःला नकळत शहाणं करून लिहाल. मी पहिल्या दोन दिवशी तेच केलं आणि दोन्ही पानं फाडावी लागली. दोन, लाज बाळगू नका. ही वही कुणी बघणार नाही. अर्धा तास रील बघितली असेल तर "रील" लिहा. "बाजाराचा अभ्यास" लिहू नका.

सात दिवसांनंतर फक्त खऱ्या कामाच्या ओळींवर खूण करा. खरं काम म्हणजे ज्याचे पैसे मिळतात ते, किंवा जे केल्याशिवाय पैशाचं काम पुढे सरकत नाही ते. टेबल आवरणं नाही, संगणकातल्या फायलींना नवी नावं देणं नाही.

मी साडेनऊ ते साडेसहा टेबलाशी असायचे, म्हणजे नऊ तास. जेवणाचा एक वजा केला तरी आठ. खुणा मोजल्या तेव्हा सोमवार ते शनिवार मिळून २२ तास निघाले. सहा दिवसांचे २२, म्हणजे दिवसाला तीन तास चाळीस मिनिटं.

मी दोनदा मोजलं.

बाकीचे तास चोराने नेले नव्हते, सुट्टे सुट्टे वाटले गेले होते. दारात येणारी माणसं सर्वांत जास्त. "घरीच असतेस ना" म्हणून गॅस सिलिंडर घेणं माझ्याकडे, शेजारच्या काकींचं आधार कार्ड मोबाइलला जोडणं माझ्याकडे, नणंदेच्या मुलाचा प्रवेश अर्जही माझ्याकडे. त्यानंतर व्हॉट्सॲप. त्यानंतर एका कामातून दुसऱ्यात उडी मारणं. हे शेवटचं वहीत सहज दिसत नाही, पण एकाच अर्ध्या तासाच्या रकान्यात तीन नावं लिहिलेली असली की समजा तिथे एकही काम झालेलं नाही. संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये यावर शोधनिबंध लिहिला: पहिलं काम अर्धवट टाकून दुसरं घेतलं की मनाचा एक भाग पहिल्याशीच घुटमळत राहतो आणि दुसरंही नीट होत नाही. भाताला फोडणी देता देता फोन घेणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागत नाही, पण हिशेब लिहिताना आपण ते विसरतो.

२. महिन्याचं गणित कागदावर करा

ही पायरी छोटी आहे, पण सगळ्यांत टोचणारी. माझं गणित जसंच्या तसं देते:

महिन्याचे कामाचे दिवस २५. माझ्या समजुतीप्रमाणे दिवसाचे तास ८, म्हणून महिन्याचे २००. त्या हिशेबाने मी २२ गिऱ्हाइकं घेतली होती, प्रत्येकाला सरासरी सहा तास धरून. २२ गुणिले ६ म्हणजे १३२. दोनशेतले एकशेबत्तीस, म्हणजे भरपूर मोकळीक, असं मला वाटत होतं.

प्रत्यक्षात तास होते ३ तास ४० मिनिटं गुणिले २५, म्हणजे साधारण ९२. काम १३२ तासांचं, वेळ ९२ तासांचा. महिन्याला ४० तास मी हवेतून आणत होते. ते रात्री अकरानंतर जागून निघत होते आणि नाही निघाले की एखादं विवरणपत्र राहून जात होतं.

आता तुमचे आकडे घाला. दोन सूचना.

कुठल्याही कामाला किती वेळ लागेल याचा आपला अंदाज जवळजवळ नेहमी कमी असतो. डॅनियल कानेमान आणि ॲमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या चुकीला नाव दिलं, नियोजनाचा भ्रम. यातली गंमत अशी की आधीच्या वेळी उशीर झाला होता हे ठाऊक असूनही माणूस पुढच्या वेळी पुन्हा तोच अंदाज करतो. त्यावरचा तोडगा साधा आहे: मनातला अंदाज वापरू नका, वहीतला आकडा वापरा. मागच्या वेळी सहा तास लागले असतील तर या वेळी चार लागणार नाहीत, कितीही हुरूप असला तरी.

दुसरं, जे तास हाती आहेत ते सगळे वाटून टाकू नका. पाचातला एक भाग मोकळा ठेवा. गोव्यात तर ठेवाच. पावसाळ्यात तो भाग वीज खातं घेतं आणि उन्हाळ्यात लग्नं.

मी पुढे दिवसाचे पाच तास जमवले. महिन्याचे १२५ झाले, त्यातले २५ राखीव, उरले १००. शंभर तासांत सहा तासांचं एक याप्रमाणे १६ गिऱ्हाइकं बसतात. म्हणजे सहा जणांना दुसरं कुणी शोधा म्हणून सांगणं आलं. सांगितलं. दोघे रागावले, एकाने अजून दिवाळीला फराळ पाठवणं सोडलेलं नाही.

३. दिवस कुठे मोडतो ते ओळखा

परदेशातली वेळापत्रकं सांगतात, नऊ ते बारा अवघड काम, एक ते पाच बाकीचं. आपला दिवस तसा नाही. आपल्या गावात दुकानं दुपारी एकच्या सुमाराला बंद होतात आणि साडेतीन-चारला उघडतात. त्या वेळात कुणी फोन करत नाही, कुणी दारात येत नाही, रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. नोकरीत असताना मी या बंद दुपारीवर चिडायचे. आता माझे दिवसातले सगळ्यांत चांगले दोन तास तेच आहेत.

माझी रचना अशी: पहाटे साडेपाच ते सात, पोदेराचा भोंगा वाजेपर्यंत, सगळ्यांत अवघड काम. सकाळी साडेनऊ ते बारा फोन, माणसं, बिलं गोळा करणं, बँक. जेवून वीस मिनिटं पडायचं, गजर लावून. दोन ते चार पुन्हा शांत काम. चारनंतर जे येईल ते. पहाटेचा दीड तास, दुपारचे दोन आणि सकाळच्या गडबडीतून निघणारा दीड, असे पाच तास होतात.

वीस मिनिटांचं पडणं हा आळस नाही. दुपारी शरीराची लय तशीही मंदावते. जेवल्यावर डोळे ताणून आकडे बघणाऱ्याच्या चुका संध्याकाळी दुरुस्त कराव्या लागतात. मात्र गजर लावाच. तासभर झोपलात तर उठल्यावर डोकं आणखी जड.

आणि 'सुशेगाद'बद्दल दोन शब्द, कारण गोव्याबाहेरून आलेले मित्र हमखास तो शब्द काढतात. पोर्तुगीज 'सोसेगादू' म्हणजे शांत, निवांत. त्याचा अर्थ 'काही न करणारा' असा नंतर पर्यटनाच्या जाहिरातींनी केला. माझे आजोबा कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, पहाटे पाचला पाणी सोडायचे, अकराला घरी यायचे, जेवून झोपायचे, चारला परत जायचे. त्यांना सुशेगाद म्हणायचे लोक. त्यांचं एकही काम मागे पडलेलं मी पाहिलं नाही.

तुमचा दिवस माझ्यासारखा मोडणार नाही. कळंगुटला होमस्टे चालवणाऱ्याला सकाळी दहा ते बारा, जुने पाहुणे जाऊन नवे यायची वेळ, शांत काम जमणारच नाही. सात दिवसांच्या वहीत खुणा कुठे दाटल्या आहेत ते पाहा. तिथेच अवघड काम टाका. जिथे खूण नाही तिथे स्वतःशी भांडू नका.

४. सगळी कामं एका वहीत आणा

आता यादी. कामं कुठे कुठे लपली आहेत ते आधी बघा: व्हॉट्सॲपमधले तारांकित संदेश, फ्रिजवरची चिठ्ठी, बिलाच्या मागे खरडलेलं, नवऱ्याने जिन्यात सांगितलेलं, डोक्यातलं. एका संध्याकाळी बसून सगळं वहीच्या मागच्या बाजूने उतरवा. माझी पहिली यादी ७१ ओळींची झाली होती. घाबरू नका, त्यातल्या वीसेक ओळी दुसऱ्या दिवशी वाचताना आपोआप खोडल्या जातात.

लिहिताना क्रियापद घाला. "डिचोलीचं दुकान" ही ओळ आहे, काम नाही. ती महिनाभर तशीच राहते, कारण ती बघितली की आधी विचार करावा लागतो आणि विचार करायला लागू नये म्हणून डोळा पुढे सरकतो. "डिचोलीच्या दुकानाला फोन करून जुलैची खरेदीची बिलं मागणं" हे काम.

इथला मोठा सापळा 'फाल्यां', म्हणजे कोकणीतलं 'उद्या'. गिऱ्हाईक म्हणतं, "फाल्यां दितां." तुम्ही मान डोलावता आणि ते काम ना तुमच्या यादीत राहतं ना त्याच्या. दुसऱ्याकडून यायच्या गोष्टींसाठी वहीत वेगळं पान ठेवा: कोणाकडून, काय, कधी मागितलं, पुन्हा कधी मागायचं. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. "फाल्यां" ऐकलं की त्याच क्षणी पुढची तारीख लिहा आणि त्याला मोठ्याने सांगा, "मग मी गुरुवारी सकाळी फोन करते." फोन येणार हे कळलं की निम्मे लोक बुधवारीच पाठवतात.

५. उद्याची तीन कामं आज रात्री ठरवा

तीनच. चौथं लिहावंसं वाटेल, लिहू नका. सकाळी ठरवायला बसलात तर सकाळ ठरवण्यात जाते आणि सोपं काम निवडलं जातं. रात्री जेवण झाल्यावर, ओटा पुसून झाला की, वही उघडून तीन ओळी. प्रत्येकीसमोर कुठल्या वेळात ते लिहा: "दुपारी दोनला, जेवून उठल्यावर, मडगावच्या हॉटेलचा बँकेचा ताळमेळ." वेळ आणि जागा ठरवून लिहिलेलं काम नुसत्या इच्छेपेक्षा जास्त वेळा पार पडतं, हे पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

तीनही झाली आणि वेळ उरला तर मागच्या यादीतून घ्या. उरला नाही तर तीन झाली, पुरे.

६. टायमर

फ्रान्सेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीला अभ्यास होत नाही म्हणून स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर टेबलावर ठेवलं. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती, चार फेऱ्या झाल्या की मोठी विश्रांती. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात, तेच नाव या पद्धतीला पडलं.

पद्धत चांगली आहे, पण २५ हा आकडा देवाने सांगितलेला नाही. बिलं चढवायला मला २५ पुरतात. बँकेचा ताळमेळ बसवताना पंचविसाव्या मिनिटाला कुठे सूर लागलेला असतो आणि घंटा वाजते. तिथे मी ४० लावते. कंटाळवाण्या कामाला १५ लावते, कारण पंधरा मिनिटं माणूस काहीही सहन करतो.

टायमर चालू असताना दुसरं काही आठवलं (आठवतंच: दूध, फी, आईची गोळी) तर उठायचं नाही. वहीत लिहायचं आणि परत मान खाली. फोनमधलं टायमर नको म्हणाले ते यासाठी: घंटा बंद करायला फोन हातात घेतला की पाच मिनिटांची विश्रांती पंचवीसची होते.

७. फोन आणि दारातली माणसं

फोन दुसऱ्या खोलीत. उलटा ठेवून चालत नाही, आवाज बंद करून चालत नाही. दुसऱ्या खोलीत, चार्जरला, आवाज मोठा करून. खरंच कुणाला निकड असेल तर तो दोनदा लावतो.

व्हॉट्सॲपवर मी गिऱ्हाइकांना एकदाच संदेश पाठवला: "बिलांचे फोटो कधीही पाठवा, मी सकाळी दहाला आणि संध्याकाळी पाचला पाहते. घाई असेल तर फोन करा." पहिला आठवडा दोन-तीन जणांनी "पाहिलं का?" असं विचारलं. दुसऱ्या आठवड्यापासून कुणी नाही. लोकांना उत्तर लगेच हवं असतं असं आपणच धरून चालतो; त्यांना ते कधी मिळणार हे माहीत असलं की पुरतं.

दारातल्या माणसांचं अवघड. फोंड्यात तुम्ही बेल वाजवणाऱ्याला "वेळ घेऊन या" म्हणू शकत नाही. म्हटलंत तर पुढच्या सत्यनारायणाला तुमच्याबद्दल बोललं जाईल. मी हे असं सोडवलं. व्हरांड्यात एक खुर्ची आणि एक टोपली ठेवली, टोपलीवर चिठ्ठी: बिलं इथे ठेवा. जो "माडम, घरा आसात?" म्हणत येतो त्याला सकाळी असेल तर चहा. दुपारी दोन ते चार असेल तर सासूबाई टोपली दाखवतात. सासूबाईंना मी आधी वहीतलं ते तीन तास चाळीस मिनिटांचं पान दाखवलं होतं. त्यांना वाटत होतं मी दिवसभर काम करते म्हणून दमते. मी दिवसभर दमते आणि काम होत नाही हे पानावर बघितल्यावर त्यांनी दुपारच्या दाराचा ताबा स्वतःहून घेतला. घरच्यांना भाषण देऊ नका. पान दाखवा.

शेजारच्या काकींसाठी शनिवारी संध्याकाळी पाच ते सहा. आधार, रेशन, गॅस, मुलांचे अर्ज, सगळं त्या तासात. "काकी, शनिवारी निवांत बसून करू या" म्हटलं की त्यांनाही बरं वाटतं, आणि निम्मी कामं शनिवारपर्यंत दुसऱ्या कुणीतरी केलेली असतात.

घरात मुळीच जमत नसेल तर बाहेर बसा. पणजीत पाटोवर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ सालच्या मूळ संस्थेची परंपरा सांगणारं, आता मोठ्या इमारतीत. स्पर्धा परीक्षांची मुलं तिथे मान खाली घालून बसलेली असतात. त्यांच्या शेजारी बसलं की आपल्यालाही फोन काढायचा धीर होत नाही. मी तिमाहीच्या शेवटी दोन दिवस जाते.

८. पाऊस, वीज आणि चवथ

वर्षाच्या सुरुवातीला कालनिर्णय घेऊन बसा. आधी न हलणाऱ्या तारखा लाल पेनाने. मग सण आणि सुट्या निळ्याने. मग दोन्ही कुठे भिडतात ते बघा. सरकारी मुदत चवथीसाठी, म्हणजे गणेश चतुर्थीसाठी, थांबत नाही. २०२३ मध्ये चवथ १९ सप्टेंबरला होती आणि २० ला ३बी. चवथीच्या आदल्या चार दिवसांत गोव्यात कोण काम करतं? बाजारात माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-फुलं टांगतात त्या चौकटीचं) सामान, घरात करंज्या-नेवऱ्या, गाव भरलेलं. त्या वर्षी मी सगळ्यांची बिलं ८ तारखेपर्यंत मागून घेतली होती आणि १४ ला शेवटचं विवरणपत्र भरून वही मिटली. मुक्तिदिनाचंही तसंच: १९ डिसेंबरची सुटी दर वर्षी बरोबर २० तारखेच्या आदल्या दिवशी येते. माघात फोंडा महालातल्या देवळांच्या जत्रा, ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त (चर्चचा उत्सव), मे महिन्यातली लग्नं. कुणाचीही तारीख अचानक येत नाही.

म्हणून मी मुदतीची तारीख लिहितच नाही. तिच्या पाच दिवस आधीची लिहिते आणि तीच खरी मानते.

वीज: जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस सुरू झाला की एखादं झाड पडतं आणि दुपार जाते. देखभालीसाठी ठरवून बंद ठेवणार असतील तर वर्तमानपत्रात विभागवार सूचना येते. चहासोबत ती वाचायची सवय लावा. पावसाळ्यासाठी वहीत एक पान वेगळं: "लाईट नसताना करायची कामं." बिलं तारखेप्रमाणे लावणं, फोन करणं, फायली पंच करणं, पुढच्या आठवड्याची तीन-तीन कामं ठरवणं. लाईट गेल्यावर काय करायचं याचा विचार करण्यात अर्धा तास घालवू नका, पान उघडा. संगणकावरचं काम दर दहा मिनिटांनी जतन करा आणि राउटरला छोटा यूपीएस घ्या. इन्व्हर्टर नंतर घेतला तरी चालेल.

९. आठवड्याची पाहणी

रविवारी सकाळी, पाव-पातळभाजी खाऊन झाल्यावर, वीस मिनिटं. कोणती कामं तीनदा पुढे ढकलली गेली ते बघा. तीनदा ढकललेल्या कामाचं काहीतरी बिनसलेलं असतं: एक तर ते फार मोठं लिहिलं आहे, किंवा ते करायची माहितीच तुमच्याकडे नाही, किंवा ते तुमचं नाहीच. मोठं असेल तर तोडा, माहिती नसेल तर कुणाला विचारायचं ते लिहा, तुमचं नसेल तर खोडा.

दर तीन महिन्यांनी सात दिवसांची नोंद पुन्हा करा. तास हळूहळू परत गळायला लागतात, कळत नाही.

किती दिवसांत अंगवळणी पडेल?

२१ दिवसांत सवय लागते हे सगळीकडे ऐकू येतं. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात, जो २०१० मध्ये छापून आला, सरासरी ६६ दिवस निघाले. आणि माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. त्याच अभ्यासात असंही दिसलं की एखादा दिवस चुकला म्हणून सवयीचं फारसं बिघडत नाही. मला रात्रीच्या तीन ओळी अंगवळणी पडायला अडीच महिने लागले. पहाटे उठणं अजूनही मे महिन्यात मोडतं, जूनमध्ये परत लागतं. चुकलं की वहीत त्या तारखेला रेघ मारते आणि दुसऱ्या दिवशीचं पान उघडते.

भरलेल्या वहीचं काय करायचं?

टाकू नका. पाठीवर "कधीपासून कधीपर्यंत" लिहून कपाटात ठेवा. पहिली वही भरल्यावर मी गिऱ्हाइकागणिक तासांची बेरीज केली. सहा तास ही सरासरी होती, पण किनाऱ्यावरचं एक छोटं हॉटेल हंगामात महिन्याला ११ तास खात होतं आणि कोपऱ्यावरचा किराणावाला अडीच. दोघांकडून मी एकच फी घेत होते. ऑक्टोबरमध्ये हंगाम सुरू व्हायच्या आधी वही पिशवीत घालून हॉटेलमालकाकडे गेले. त्याने दोन पानं उलटली, तारखा बघितल्या, आणि कोकम सोड्याचा ग्लास पुढे करत विचारलं, "मग आता किती?"